‘घर तर चकाचक आहे, मग पोराला खरूज कशी?’

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत मुलांच्या कातडीबद्दलची पत्रं इतकी निघाली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच: ‘आम्ही रोज आंघोळ घालतो हो, डॉक्टर.’ हे मी विचारलेलं नसतं. दवाखान्यातही आया खुर्चीत टेकायच्या आधी हेच सांगतात. कातडीचा आजार म्हटला की समोरचा माणूस आपली मोरी आणि आपले संस्कार तपासणार, ही धास्ती. मी दोनच गोष्टी विचारते. एका अंथरुणावर किती जण झोपता? आणि घरात पाणी किती येतं?

पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. गावांची नावं ठेवली आहेत.

प्रश्न (लातूर): मुलगा सात वर्षांचा, मुलगी सव्वा वर्षाची. महिना झाला, दोघं रात्र रात्र खाजवत बसतात. डॉक्टरांनी खरूज सांगून ट्यूब दिली. मुलाला लावली, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. आमचा फ्लॅट आहे, दोन वेळा लादी पुसली जाते. सासूबाई म्हणतात, कामवाल्या मावशींची मुलगी घरी येते, तिच्याकडूनच आली. मावशींना बंद करावं का?

उत्तर: मावशींना बंद करू नका. आधी तारखांचा हिशेब मांडू.

खरूज होते ती एका किड्यामुळे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून आत अंडी घालते. साधारण रुग्णाच्या अख्ख्या अंगावर मिळून असे दहा-पंधराच किडे असतात, पण खाज मात्र सगळ्या अंगाला सुटते, कारण ती त्या किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची ॲलर्जी असते. ही ॲलर्जी तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तुमची मुलं खाजवायला लागली त्याच्या महिना-दीड महिना आधी किडा घरात आलेला होता. मागे मोजत जा. गणपतीत गावी गेला होतात का? चुलत-मावस भावंडं रात्री एकाच गादीवर ओळीनं झोपली होती का? बहुतेक घरांत या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. आणि मावशींच्या मुलीला खाज असेलच, तर ती तुमच्या घरून तिच्याकडे गेली नाही कशावरून?

आता लादीबद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यात खरूज फार पसरली होती. दोष पांघरुणांना दिला जाई आणि घोंगड्या निर्जंतुक करण्यावर मोठा खर्च होई. शेफील्डला केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं लढायला नकार दिलेले काही तरुण स्वयंसेवक म्हणून घेतले आणि त्यांना खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत झोपवलं, त्यांचे कपडे घालायला लावले. अगदी मोजक्यांनाच खरूज झाली. रुग्णाच्या अंगाला अंग लावून झोपल्यावर मात्र ती लागली. तेव्हा तुमची लादी, सोफा, पडदे यांचा यात फारसा हात नाही. आठ जणांनी एका खोलीत झोपायचं असेल तर तिथं खरूज लवकर फिरते हे खरं, पण ती अस्वच्छता नव्हे, ती जागेची टंचाई. रोज साबण लावून न्हाणाऱ्याच्या अंगावर खरूज उलट कमी दिसते, म्हणून ओळखायला उशीर होतो, एवढाच तुमच्या स्वच्छतेचा परिणाम.

ट्यूब लागू का पडली नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: ‘मुलाला लावली.’ ती घरातल्या प्रत्येकाला लावायची असते. खाज असो वा नसो, एकाच रात्री. सासूबाईंनाही. सासऱ्यांनाही, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणाले तरी. मावशी आणि त्यांच्या घरच्यांनाही, आणि त्यांच्या औषधाचा खर्च तुम्ही करा.

डॉक्टरांनी दिलेलं औषध बहुतेक पर्मेथ्रिन पाच टक्के असेल. ते संध्याकाळी, अंग कोरडं आणि गार असताना, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबी, जांघा, नखांच्या कडा सुटता कामा नयेत. खाजतंय तेवढ्याच जागी लावलं तर काही उपयोग नाही. सव्वा वर्षाच्या मुलीला डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळ्यांभोवतीची आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. हात चोखणारं मूल असेल तर रात्री हातमोजे घाला. आठ ते बारा तासांनी धुवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. मोठ्या माणसाला साधारण तीस ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते, चौघांत एक ट्यूब वाटून पुरत नाही. आठ दिवसांनी हेच सगळं पुन्हा.

गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर ठेवून द्या, कारण माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरत नाही. गाद्या जाळायच्या नाहीत, फवारणीवाल्याला बोलवायचं नाही.

आणि एक. औषध लावून किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. लोक इथंच घाबरतात आणि रोज ट्यूब चोळत सुटतात. त्यानं कातडी भाजते, आणखी खाजते, आणि ‘औषध बदला’ म्हणून दुसऱ्या दवाखान्यात वारी सुरू होते. खाजेवर साधं औषध वेगळं मिळतं, ते मागून घ्या. महिन्यानंतरही नवे दाणे उठत असतील तर परत दाखवा.

वांग्यानं खाज वाढते म्हणतात, पण वांगं बंद करायची गरज नाही. सासूबाईंना सांगा, मी सांगितलंय म्हणून.

प्रश्न (किनवट तालुका, आश्रमशाळेचे अधीक्षक): आमच्या वसतिगृहात १४० मुलं. खरूज जातच नाही. ज्याला झाली त्याला आरोग्य केंद्रात नेतो, औषध देतो. तो बरा होतो तोवर दुसरे चार. पालक आम्हाला बोलतात, वरिष्ठ आम्हाला बोलतात. मुलांना वेगळं ठेवायला खोली नाही.

उत्तर: अधीक्षक साहेब, वेगळी खोली असती तरी उपयोग झाला नसता. ज्याला आज खाज नाही तो मुलगाही महिनाभर आधीपासून किडा बाळगून असू शकतो. एकेकाला धरून औषध देणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं.

फिजीच्या बेटांवर यावर चांगलं काम झालं आहे. तिथं काही बेटांवरच्या सगळ्याच लोकांना, आजारी आणि धडधाकट, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. आधी शंभरातल्या ३२ जणांना खरूज होती, वर्षानंतर ती दोनांवर आली. जिथं नेहमीसारखं फक्त रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना औषध दिलं, तिथं ती निम्म्यावर येऊन अडली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं.

तुमची बेटं म्हणजे तुमचं वसतिगृह. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की १४० मुलं आणि सगळे कर्मचारी यांना एकाच दिवशी औषध हवं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक असतं, कातडीचे आजार त्यांच्या यादीत आहेत, त्यांनाही त्याच दिवशी बोलवा. गोळ्या वजनावर ठरतात. पंधरा किलोखालच्या मुलांना आणि गरोदर कर्मचारी असेल तर तिला गोळी देत नाहीत, त्यांना लावायचं औषध. दुसरा डोस आठ ते चौदा दिवसांनी. स्वयंपाकीण, कामाठी, पहारेकरी आणि तुम्ही स्वतः, कुणीही वगळायचं नाही. वसतिगृहांत मोहीम फसते ती बहुतेक कर्मचाऱ्यांपाशी. मुलांना रांगेत उभं करून औषध देतात आणि स्वतः ‘आम्हाला कुठं खाज आहे’ म्हणतात.

त्याच दिवशी सगळ्यांच्या चादरी, सतरंज्या, गणवेश उन्हात. १४० जणांचं एका दिवसात धुणं पाण्याअभावी जमणार नसेल तर धुण्याचा हट्ट सोडा. ट्रंकेत ठेवलेले आणि आठवडाभर अंगाला न लागलेले कपडे बाहेर काढा, वापरातले पिशवीत बांधून ठेवा. पाण्यावाचून हे काम होतं.

तारीख निवडताना सुट्ट्यांचा विचार करा. मुलं दिवाळीला पाड्यावर जातात, घरी लहान भावंडांबरोबर झोपतात आणि परत येताना खरूज घेऊन येतात. म्हणून सुट्टीहून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे हात तपासा. बोटांच्या बेचक्यात बारीक दाणे, मनगटावर केसासारखी आखूड वाकडी रेघ. गुरुजनांना हे दहा मिनिटांत शिकवता येतं.

दोन मुलांत एक टॉवेल आणि दोन मुलांत एक पांघरूण असेल, तर ते मात्र वरिष्ठांना लेखी कळवा. ते तुमच्या हातातलं नाही, पण कागदावर असू द्या.

प्रश्न (कोल्हापूर जिल्हा, साखर कारखान्याच्या तळावर शिकवणारे शिक्षक): ऊसतोड कामगारांची मुलं माझ्याकडे येतात. निम्म्या मुलांच्या पायांवर, नाकाखाली पू धरलेल्या पुळ्या, त्यावर पिवळी खपली. माश्या बसतात. आई-बाप पहाटे फडात जातात. दवाखाना लांब. शाळेत मी काय करू शकतो?

उत्तर: सर, तुम्ही बरंच करू शकता. आधी हे होतं कसं ते सांगते.

उसाच्या पात्याच्या कडा धारदार. मुलं पाचटात खेळतात, नडग्यांवर बारीक ओरखडे उठतात. रात्री कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, डास. चावलं की खाजवणं, खाजवणाऱ्या नखांत दिवसभराची माती. त्या ओरखड्यांतून दोन जातींचे जंतू शिरतात आणि मधासारखी पिवळी खपली धरते. थोरली बहीण धाकट्याला दिवसभर कडेवर घेऊन फिरते, तिच्या मनगटावरून त्याच्या मांडीवर. खरूज अंगावर असेल तर खाजवण्याला अंतच नाही, म्हणून आधी बेचक्या बघा. पुळ्यांखाली खरूज लपलेली असते.

आता पाण्याचं. आमच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी दवाखान्यात एक क्रम पाहिला. पाणी आटायला लागलं की घरातली बाई सगळ्यात आधी वाकळा-गोधड्या धुणं बंद करते. मग कपडे दोन दिवस घालायला लावते. मग पोरांची आंघोळ एकाआड एक दिवस. हात धुणं त्यानंतर. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी शेवटपर्यंत सांभाळते. तिची वाटणी बरोबरच आहे, मीही तिच्या जागी तेच केलं असतं. पण कातडीचे आजार त्याच क्रमानं दारात येतात. पाणी घाण असल्यानं होणारे आजार वेगळे आणि पाणी कमी असल्यानं होणारे वेगळे. खरूज आणि पुळ्या दुसऱ्या रांगेतल्या. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलंय, ते घरच्या नळाला. कोपीला नळ नाही.

म्हणून मी तुम्हाला ‘मुलांना रोज आंघोळ घाला’ असलं काही सांगत नाही. हात आणि जखमा, एवढंच. कराचीच्या झोपडवस्त्यांमध्ये झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथं घरोघरी साबण देऊन हात धुवायला शिकवलं, आणि मुलांमधल्या या पुळ्यांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं. जुलाब तर ५३ टक्क्यांनी. वस्त्या तशाच राहिल्या, गटारं तशीच राहिली. आणि साधा साबण व महागडा जंतुनाशक साबण यांत काहीही फरक पडला नाही. तेव्हा दहा रुपयांची वडी घ्या. जाळीच्या पिशवीत घालून शाळेच्या दाराशी टांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नाहीशी होते.

सकाळी आल्यावर आणि खाण्याआधी हात. दर सोमवारी नेलकटर. खपल्या असतील त्या कोमट साबणाच्या पाण्यानं भिजवून अलगद काढायच्या, ओढून नाही. एका मुलाला तांब्याभर पाणी पुरतं. वर डॉक्टरांनी दिलेलं मलम, त्यावर स्वच्छ सुती चिंधी, माशी बसू नये म्हणून. चिंधी दुसऱ्याला वापरायची नाही. राख, तंबाखू, हळद-चुना यांतलं काहीही नको. पुळ्या दोन-चारच असतील तर मलमानं भागतं. खूप असतील, ताप असेल, भोवतीची कातडी लाल-गरम असेल तर पोटात औषध लागतं, तेव्हा दवाखाना लांब असला तरी गाठावाच लागेल. मुकादमाला सांगा, ट्रॅक्टर रोज त्याच वाटेनं जातो.

यातली एक खूण पाठ करून ठेवा. पुळ्या होऊन गेल्यावर साधारण तीनेक आठवड्यांनी एखादं मूल सकाळी डोळे सुजून उठलं, चेहरा फुगलेला दिसला, लघवी कमी आणि कोऱ्या चहासारखी झाली, तर ते उन्हानं झालेलं नाही, ‘उष्णता’ नाही. कातडीवरच्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येते त्याची ती खूण असते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात. वेळेत पोहोचलेली बहुतेक मुलं बरी होतात.

प्रश्न (पुणे): तीन वर्षांच्या मुलाला कोपरा-गुडघ्यांच्या वळणांत इसब आहे. आम्ही स्वच्छतेत कसूर करत नाही: दोनदा आंघोळ, पाण्यात जंतुनाशकाचं एक टोपण, बाहेरून आला की लगेच हातपाय. तरी वाढतंच आहे. सोसायटीत टँकरचं जड पाणी येतं. पाणी मऊ करणारं यंत्र बसवावं का? खर्च पन्नास हजारांच्या घरात आहे.

उत्तर: यंत्र बसवू नका आणि ते टोपण आजच्या आज बंद करा.

वरच्या पत्रातल्या सरांना साबण टांगा म्हणून सांगितलं आणि तुम्हाला साबण कमी करा सांगतेय. कारण तुमच्या मुलाच्या कातडीचा वरचा थर मुळातच कमजोर आहे, त्यातून ओल उडून जाते. कातडी किंचित आम्ल असते आणि साधा साबण चांगलाच अल्कधर्मी. दिवसातून दोनदा साबण, वरून जंतुनाशक, म्हणजे होती ती तेलाची पातळ सायही धुऊन जाते. कातडी कोरडी, कोरडी म्हणून खाज, खाजवलं की जखम, जखम दिसली की तुम्ही आणखी धुता.

जड पाण्यानं इसब वाढत असावं असा संशय जुना आहे. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर याची नीट परीक्षा झाली आणि २०११ मध्ये निकाल आला. घरात यंत्र बसवून इसब कमी झालं नाही. पन्नास हजारांत चांगलं मलम कितीतरी वर्षं येईल.

एकदाच आंघोळ, कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटं. साबणाऐवजी अल्कली नसलेली सौम्य वडी, तीही काखा-जांघांपुरती. घासणी नको, डाळीचं पीठ चोळणंही नको. टॉवेलनं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच, न्हाणीघराच्या दारातच, मॉइश्चरायझर भरपूर थापायचं. दिवसातून दोन-तीनदा. घाण्याचं खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको, ते कातडीला झोंबतं. अंगाला लागून सुती कपडा, लोकरीचा स्वेटर त्यावर.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं असेल तर सांगितलं तितके दिवस, सांगितलं तिथं, न भिता लावा. पुण्यातल्या आयांना या शब्दाची इतकी भीती की महिनाभर मूल रात्री रडवतात पण मलम लावत नाहीत. आणि गावाकडे तेच मलम दुकानदार फेअरनेस क्रीमसारखं विकतो. दोन्ही बघून मला चिडायला होतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की नणंद म्हणते, ‘आजकालची मुलं मातीत खेळत नाहीत म्हणून हे होतं.’ हा विचार अगदीच हवेतला नाही. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ साली दाखवलं की जास्त भावंडांत वाढलेल्या मुलांना गवतताप (परागकणांच्या ॲलर्जीनं होणारी सर्दी-शिंका) कमी होतो, इसबाबाबतही त्याला तसंच दिसलं. लहानपणी जंतूंशी ओळख होणं बरं असावं, अशी ती कल्पना. पण मूल आजारी पडल्यावर त्याला मातीत लोळवणं हा इलाज नाही. बागेत खेळू द्या, घरी आल्यावर साध्या पाण्यानं पाय धुवा, मलम लावा. तेवढ्यानं नणंदही खूश.

प्रश्न (अंबाजोगाई): मुलीच्या दोन्ही गालांवर फिकट पांढरे डाग. आजी म्हणते जंत आहेत, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी आहे, आणि मला भलतीच भीती वाटते.

उत्तर: शाळकरी मुलांच्या गालांवरचे असे पुसट, किंचित खरखरीत डाग बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात. उन्हात आजूबाजूची कातडी रापते आणि डाग उठून दिसतात. जंतांची गोळी शाळेत मिळते ती जरूर द्या, पण डागांसाठी नाही. तेल किंवा मॉइश्चरायझर लावत राहा, उन्हात टोपी. जायला काही महिने लागतात.

भलतीच भीती म्हणजे कोड किंवा कुष्ठरोग, नाव लिहिलं नाहीत तरी कळलं. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, फिकट नसतो. कुष्ठरोगाच्या डागावर संवेदना कमी होते: मुलीला डोळे मिटायला सांगून डागावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर कापसाचं टोक टेकवा, दोन्हीकडे सारखं कळतं का विचारा. गालावर ही परीक्षा फसवी ठरू शकते, म्हणून शंका उरली तर डॉक्टरांनाच करू द्या. तो असलाच, तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पूर्ण बरा होतो, आणि कुणी मूल घराबाहेर वेगळं बसवायचं नसतं.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यापासून घरात चौघांना नायटा. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत लाली जाते, सोडली की दुप्पट येतो. आता पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला आलाय.

उत्तर: ट्यूब कचऱ्यात टाका. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जहाल स्टेरॉइड असं सगळं एकत्र असणार. स्टेरॉइडनं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र खाली आरामात वाढते. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा नियम केला. कागदावर आहे.

तुमच्याकडचा पाऊस म्हणजे कपडे चार दिवस ओलसर. मुलाची चड्डी इलॅस्टिकच्या रेघेवर ओली राहते आणि नायटा नेमका तिथं येतो. आतले कपडे उलटे करून इस्त्री फिरवा, शिवणींवर दाबून. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरातल्या चौघांनी एकाच वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही त्यांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत औषध चालू ठेवा. मुलाला गोळ्या लागतील की नुसतं मलम पुरेल ते तपासूनच ठरेल, या पानावरून मी सांगणार नाही.

प्रश्न (परभणी): बाळाला घामोळ्या. कोणती पावडर चांगली?

उत्तर: कोणतीच नाही. पावडर मानेच्या वळ्यांत घामाबरोबर लगदा होऊन बसते आणि बारीक धूळ बाळाच्या श्वासात जाते. पातळ सुती झबलं, पंखा, गार पाण्याचा हात. कानटोपी काढा.

प्रश्न (नांदेड): वर्गात खरूज निघाली म्हणून शाळेनं मुलीला पंधरा दिवस घरी ठेवायला सांगितलं. तिच्या बाकावर आता कुणी बसत नाही. खरंच इतके दिवस ठेवावं लागतं?

उत्तर: नाही. रात्रभर औषध लावून सकाळी आंघोळ केली की दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येतं. खाज राहील, ती इतरांना लागत नाही. उवांसाठी तर एक दिवससुद्धा घरी ठेवायची गरज नाही, शाळेतून आल्यावर औषध लावून फणी फिरवली की झालं. हा अंक मुख्याध्यापकांना दाखवा. त्यांना लेखीच हवं असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून ‘उपचार झाले, शाळेत बसू द्यावे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या. आणि मुलीच्या वर्गातल्या ज्या दोघी-तिघी तिच्या गळ्यात गळा घालून फिरत होत्या, त्यांच्या आयांना तुम्हीच फोन करून सांगा, म्हणजे त्यांच्या घरीही औषध वेळेत लागेल.